उमेदवारी कोणाच्या भाकरीवर?

नेवासा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आम्हांकडे आले आहे. त्या स्वतः आशा सेविका आहेत, यजमान कारखान्याच्या ऊस वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवितात. थोरली मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. या मुलीला पुण्यातील एका सेवाभावी संस्थेने उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी ‘इंटर्न’ म्हणून बोलाविले आहे. संस्था शाळांमधून ‘जागतिक शिक्षणा’चे काम करते. मानधन नाही, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. कॉटचे भाडे आणि खानावळ धरून महिना आठ हजार रुपये घरून लागतील, असा मुलीचा हिशेब आहे. भगिनी विचारतात, “काम त्यांचे आणि भाकरी आमची, ही कसली नोकरी? आमच्या वस्तीवरच्या शाळेत दोन मास्तर चार वर्ग सांभाळतात, तिथे हे जागतिक शिक्षण येऊन काय करणार? पोरीला पाठवावे की नाही ते स्पष्ट लिहा.”

स्पष्टच लिहितो. पत्र एका घरचे असले तरी प्रश्न आज पुष्कळ घरांचा आहे. आपल्या वस्त्यांतून मुले-मुली आता पदवीपर्यंत पोचली आहेत आणि पदवीच्या दारात हा नवा शब्द उभा आहे.

इंटर्नशिप ही नोकरी नव्हे, उमेदवारी आहे. हा शब्द आपल्या घरांत जुनाच आहे. गॅरेजमध्ये, छापखान्यात, शिंप्याच्या दुकानात पोरगा उमेदवार म्हणून लागे. चहा आणी, दुकान झाडी आणि बघून बघून त्याचा हात बसे. डॉक्टर होणाऱ्या मुलांना शेवटी रुग्णालयात असे एक वर्ष काढावेच लागते. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, त्यात शाळेतील आंतरवासिता आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर साध्या बी.ए., बी.कॉम.च्या अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक देणे सुरू झाले. तेव्हा ताई, तुमची मुलगी काही भलते खूळ घेऊन आलेली नाही. तिने आधी कॉलेजात विचारावे, की या दोन महिन्यांचे श्रेयांक धरणार का. ते धरले जात असतील तर हा तिच्या पदवीचाच भाग आहे आणि त्या नजरेने त्याकडे पाहावे.

आता जागतिक शिक्षण. नाव मोठे आहे, आणि मोठ्या नावाखाली पुष्कळ काही खपून जाते हे आपण जाणतोच. पण मूळ कल्पना वाईट नाही. युनेस्कोने १९७४ साली सर्व देशांना शिफारस केली, की शाळेतल्या मुलांना परक्या देशांतील माणसांविषयी समज यावी, शांतता आणि मानवी हक्क यांचे शिक्षण मिळावे. ही शिफारस २०२३ साली नव्याने लिहिली गेली. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २०३० पर्यंतची सतरा उद्दिष्टे ठरविली, त्यांतील चौथे शिक्षणाचे आहे आणि त्यात जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आहे. या उद्दिष्टांच्या नावाने संस्था उभ्या राहिल्या, देणग्या येऊ लागल्या. प्रत्यक्षात या संस्था दूर देशातील एखाद्या वर्गाची आपल्या वर्गाशी व्हिडिओवर गाठ घालून देतात, गोष्टींची पुस्तके पुरवितात, शिक्षकांची शिबिरे घेतात, पाणी, हवामान, मुलगा-मुलगी समानता अशा विषयांची कार्डे आणि तक्ते तयार करतात.

हे सारे शहरातल्या इंग्रजी शाळांचे लाड, जिल्हा परिषदेच्या शाळेत काय होणार, असे कोणी म्हणाले तर त्याला माढा तालुक्यातील परितेवाडी दाखवावी. रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली तिथे रुजू झाले तेव्हा शाळेच्या एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलांना दूरदूरच्या देशांतील मुलांशी बोलते केले. ज्या देशांचे एकमेकांशी वैर, त्या देशांतील मुलांच्या गाठी घालून दिल्या. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा ‘आमच्या शाळेत हे येऊन काय करणार’ हा प्रश्न रास्त असला तरी त्याचे उत्तर नकारार्थीच असेल असे नाही. ते काम कोण करतो, यावर अवलंबून आहे.

उमेदवार मुलीच्या वाट्याला यातले काय येते? शाळा चालू असतील तर सकाळी वर्गात जाऊन खेळ, गाणे, नकाशा, गोष्ट. दुपारी कार्यालयात इंग्रजी कार्डांचे मराठी करणे, हजेरीचे आकडे संगणकात भरणे, फोटो निवडणे, आणि ज्यांनी पैसा दिला त्यांच्यासाठी अहवाल लिहिणे. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्यात वर्गातल्या मुलांना ‘लाभार्थी’ म्हणतात.

हा शब्द आम्हांस नेहमीच खटकत आला आहे. आपल्या समाजाची मुले आजवर या फोटोत बसत आली. वह्या घेताना, दप्तर घेताना, हसा म्हटले की हसताना. फोटो काढणारा, त्याखाली ओळ लिहिणारा, कोणत्या मुलांना काय हवे ते ठरविणारा दुसराच असे. तुमची मुलगी जर आता त्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसणार असेल, तर ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही. शहरात बसून केलेल्या कार्डावर प्रश्न असतो, ‘सुट्टीत तुम्ही कुठे फिरायला गेलात?’ ऊसतोडीच्या पोराने काय उत्तर द्यावे? ते पोर सुट्टीत नव्हे, शाळा चालू असतानाच सहा महिने आईबापांबरोबर फिरते. हा प्रश्न चुकीचा आहे हे कार्यालयातल्या दहा जणांना समजणार नाही, कोपीच्या शेजारून शाळेत गेलेल्या मुलीला एका क्षणात समजेल.

परदेशी पैशावर आपल्या मुलांना शिकविण्याची गोष्ट नगर जिल्ह्याला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले). नेवासा तालुक्यातील वडाळा बहिरोबा येथेही एकोणिसाव्या शतकात मिशनचे ठाणे होते आणि ज्यांना गावच्या शाळेत ओसरीवरही बसू देत नसत अशा महार-मांगांची मुले मिशनच्या शाळांतून अक्षरे गिरवीत. मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. जोतिराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची सुरू केली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. हीसुद्धा उमेदवारीच होती. पण पाहा, सावित्रीबाई मिशनच्या अहवालातल्या एक ओळ होऊन राहिल्या नाहीत. शिकल्या ते हत्यार घेऊन परत आल्या आणि आपल्या लोकांत, आपल्या भाषेत, आपल्या विषयांवर त्यांनी काम केले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, फुल्यांचा तो नव्हता. देणाऱ्याचा हेतू देणाऱ्यापाशी राहिला आणि घेणाऱ्यांनी आपले काम साधले.

मग नेवाशाची मुलगी जागतिक शिक्षणाच्या कार्यालयात काय घेऊन जाऊ शकते? आमच्या मते पुष्कळ.

नेवाशात प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. वरच्या थरांखाली सातवाहन काळाचा थर लागला आणि त्यात दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांचे तुकडे सापडले. हे कुंभ इथल्या कुंभाराचे नव्हेत, भूमध्य समुद्राच्या काठावरचे. त्यांतून रोमन लोकांचे मद्य, तेल जहाजाने यायचे, आणि बंदरावरून घाट चढून इथपर्यंत पोचायचे. आणखी खाली, तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत, लहान मुलांना मातीच्या रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिचा दोरा तपासला तेव्हा त्यात रेशमाचे आणि कापसाचे तंतू निघाले. हे रेशीम दूर चीनकडून आले, की इथल्याच रानातल्या किड्यांचे? हा प्रश्न पाचवीच्या वर्गाला घालून बघा. नकाशा फळ्यावर लावावा लागणार नाही, पोरे स्वतः मागतील. आणि वर्गातल्या एखाद्या मुलीने ‘त्या आईने आपला सगळ्यात चांगला दोरा त्याच्या गळ्यात घातला असेल’ असे म्हटले, तर तिलाही भूगोलाइतकेच गुण द्यावेत.

आयफेल टॉवरचे चित्र दाखवून मुलांना जग कळते असे मानणारे शिक्षण आणि शाळेपासून चालत जाता येईल अशा टेकाडावरून सुरू होणारे शिक्षण, यांत फार अंतर आहे. हे टेकाड पुण्याच्या संस्थेला ठाऊक नाही. नेवाशाच्या मुलीलाही कदाचित कोणी सांगितलेले नसेल, पण ती ते एका दुपारी जाऊन बघू शकते.

भाषेचेही तसेच. याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी संस्कृतातली गीता मराठीत सांगितली. त्यातील श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा, परंतु वरच्यांच्या भाषेत बंद असलेली विद्या लोकांच्या भाषेत आणण्याचे काम इथे झाले ही इतिहासाची गोष्ट आहे. आजची संस्कृत इंग्रजी आहे. संस्थेची कार्डे इंग्रजीतून मराठीत येतात ती अशा मराठीत येतात, की वाचणाऱ्याला पुन्हा इंग्रजीकडे जावे लागते. जिला ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे हे ठाऊक आहे, तिच्या हाताने झालेले मराठी त्या पोरांच्या तोंडी बसेल.

उसाचा विषय निघाला म्हणून थोडे लिहितो. सोनईचा मुळा कारखाना, भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना, यांच्या आसपास दिवाळीनंतर कोप्या पडतात. पाथर्डीकडून, बीडकडून माणसे येतात, बरोबर लेकरे येतात. ही लेकरे गावी पटावर असतात आणि वर्गात नसतात. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने २००० नंतरच्या दशकात अशा शाळा चालविल्या, आणि त्या कामाला अमेरिकन इंडिया फाउंडेशनचे साहाय्य होते. गुजरातच्या भूकंपानंतर २००१ साली अमेरिकेतील भारतीयांनी ही संस्था उभी केली. म्हणजे न्यूयॉर्कचा पैसा कोपीतल्या पोराच्या पाटीपर्यंत आला. यालाही जागतिक शिक्षण म्हणता येईल, नाव कोणी दिले नाही एवढेच. आणि ऊस तरी इथला कुठे? त्याची मूळ लागवड न्यू गिनी बेटाकडची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी करारावर मजूर मॉरिशसला नेले ते उसाच्याच कामाला, त्यांत आपल्या कोकणातील मराठी माणसे होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. उसामागे घर सोडून जाणारे आपले आईबाप जगात एकटे नाहीत, हे कळले तर त्या पोराची मान थोडी वर होईल असे आम्हांस वाटते.

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. तिथले लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपले गाऱ्हाणे मांडीत आहेत असे वाचले, त्या अर्जाची प्रत मिळेल का, असे विचारले होते. दुसऱ्याचे दुःख आपल्या दुःखाशेजारी ठेवून बघणे, हे त्यांनी असे केले. आणि आता उलट दिशेनेही घडले आहे. युरोपात हंगेरी देशात रोमा नावाचा समाज आहे, गावकुसाबाहेर राहिलेला. तिथे रोमा मुलांना गतिमंद ठरवून वेगळ्या शाळांत घालीत. २०१३ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने दोन रोमा तरुणांच्या बाजूने निकाल देऊन यास भेदभाव म्हटले. त्याच देशात यानोश ओर्शोश आणि तिबोर देर्दाक या दोघांनी बाबासाहेबांविषयी वाचले, महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या पाहिल्या, आणि २००७ साली ‘जयभीम’ नावाचा समूह स्थापन करून शायोकाझा गावात डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा काढली. नेवाशाचा एक वर्ग आणि त्या शाळेचा एक वर्ग यांची व्हिडिओवर गाठ घालून द्यावी, ही सूचना तुमच्या मुलीने पहिल्याच दिवशी मांडावी. त्या मुलांना आपल्या पोरांकडून ऐकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि बोलणे दोन्ही बाजूंचे होईल. एरवी अशा गाठीभेटींत गोरी मुले आपले घर दाखवितात आणि आपली मुले टाळ्या वाजवितात.

हे सगळे खरे, पण ताई, तुमचा पहिला प्रश्न भाकरीचा होता, आणि आम्ही तो विसरलेलो नाही.

बिनपगारी उमेदवारी दिसायला सर्वांना सारखी असते. जाहिरातीत लिहितात, कोणीही अर्ज करावा. पण दोन महिने घरून पैसे आणून पुण्यात राहणे ज्याला परवडते त्याचाच अर्ज पुढे जातो. ज्याचे घर कोथरूडात आहे तो सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी परत येतो, त्याला एक रुपया लागत नाही. पुढे नोकरीच्या वेळी दोघांचे कागद शेजारी ठेवतात. एकाच्या कागदावर अनुभव असतो, दुसऱ्याच्या नसतो, आणि मग म्हणतात की गुणवत्तेवर निवड झाली. ज्या संस्था समतेचे धडे शाळांतून देतात त्यांनी तरी आपल्या दारातली ही पायरी बघावी.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते काही घरच्या पैशावर नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली तेव्हा जाणे झाले, आणि त्यापोटी दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडे असणे आणि तिथवर जाऊन राहण्याचा खर्च मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवाचून पहिलीचा उपयोग शून्य.

आणि पैसा देता येतो. अमेरिकन इंडिया फाउंडेशननेच तिकडच्या तरुणांना दहा-दहा महिने इथल्या संस्थांत काम करण्यास पाठविले, तेव्हा त्यांच्या राहण्या-खाण्याची तजवीज केली. टीच फॉर इंडिया ही संस्था २००९ पासून पदवीधरांना दोन वर्षांसाठी शहरांतील शाळांत पाठविते, ती पगार देऊन. राज्य शासनाने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत बारावी झालेल्यास सहा हजार, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये महिना विद्यावेतन ठरविले, आणि पुष्कळ प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांतही बसले. त्या योजनेविषयी प्रशिक्षणार्थींच्या तक्रारी झाल्या, मुदत संपल्यावर पुढे काय म्हणून आंदोलने झाली, तो विषय वेगळा. पण उमेदवाराला पोट असते हे शासनाच्या कागदावर आले. अमेरिकेतून येणाऱ्या तरुणाला भत्ता मिळतो आणि नेवाशाहून जाणाऱ्या मुलीने आईच्या आशा सेविकेच्या मानधनातून खर्च करावा, यात कोणता न्याय आहे?

संस्थांचे म्हणणे असे असते, की आमचे हात बांधलेले आहेत. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासनावर खर्च करण्याची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. लहान संस्थांची त्यामुळे ओढाताण झाली. परंतु शाळेत जाऊन शिकविणाऱ्या, कार्डांचे मराठी करणाऱ्या मुलीचे एस.टी.चे भाडे आणि दोन वेळचे जेवण हा आमच्या मते संस्थेच्या कामाचाच खर्च आहे, कार्यालयाच्या खुर्च्यांचा नव्हे. मागितल्यावर पुष्कळ संस्था देतात. न मागणाऱ्याला कोणी बोलावून देत नाही. आपल्या मुलांना मागण्याचा संकोच वाटतो, संधी दिली हेच उपकार वाटतात.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. उमेदवारी उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात आणि जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या शाळा बंद असतात. मग दोन महिन्यांतले निम्म्याहून अधिक दिवस मुलगी वर्गात जाणार कशी? ती कार्यालयात बसून आकडे भरणार. आकडे भरणे हलके काम नाही, पण ते नेवाशात घरी बसूनही होते.

म्हणून आमचे मत असे. मुलीला पाठवावे, पण आल्या अटींवर नव्हे. तिने संस्थेस नम्रपणे आणि लेखी विचारावे, की प्रवास, निवास आणि जेवण यांपैकी काय मिळेल. काहीच मिळणार नसेल तर तिनेच दुसरा प्रस्ताव मांडावा : पहिले दहा-बारा दिवस पुण्यात राहून कामाची पद्धत शिकते, मग नेवाशाला परत येऊन कार्डांचे मराठी करते, आणि दिवाळीनंतर कोप्या पडल्या की कारखान्याजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या परवानगीने ती कार्डे चालवून बघते. दहा दिवसांचा खर्च घराला झेपेल. संस्थेलाही असे खेडे मिळेल, जिथे ती स्वतः पोचू शकली नसती. शहाणी संस्था असेल तर नाही म्हणणार नाही. आणि नाही म्हणालीच, तर तिला खेड्यातली मुले कशासाठी हवी आहेत ते समजून येईल, तेही दोन पत्रांच्या खर्चात.

पुण्यात राहण्याच्या जागेचे बघावे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना हे वाचकांस ठाऊक आहे, आणि आडनाव विचारून खोली नाही म्हणणारे घरमालक आजही संपलेले नाहीत. दहा दिवसांपुरते नात्यातले घर असेल तर उत्तम, नसेल तर संस्थेनेच जागा द्यावी असे लेखी घ्यावे. मुलगी एकटी राहणार म्हणून भिऊ नये, माहिती मात्र घ्यावी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला, तो प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. समितीवर कोण आहे, हे पहिल्या दिवशी विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. उमेदवारीचे पत्र शिक्क्यानिशी घ्यावे, त्यात मुदत, कामाचे तास, वरिष्ठाचे नाव असावे. शाळेतील मुलांचे फोटो पालकांच्या संमतीवाचून काढायला सांगितले तर मुलीने नकार द्यावा. प्रमाणपत्रावर ‘सहभाग घेतला’ असे मोघम न लिहिता केलेले काम लिहून मागावे : इतकी कार्डे मराठीत केली, इतक्या वर्गांत चालविली. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ती ओळ उपयोगी पडते.

मुलीला इंग्रजीची धास्ती असेल, तर तीही सांगून टाकावी. अशा कार्यालयांत पहिल्या आठवड्यात सगळे इंग्रजीत चालले की आपली मुले मागच्या खुर्चीवर बसतात आणि मागेच राहतात. रोज एक पान इंग्रजी अहवालाचे घरी आणून मोठ्याने वाचावे, न कळलेले शब्द वहीत लिहावेत. दहा दिवसांत दोनशे शब्द होतात, आणि अहवालांत तेच तेच शब्द फिरून येत असतात.

ज्या वाचकांच्या मुला-मुलींनी कोणत्याही शिक्षणसंस्थेत किंवा सेवाभावी संस्थेत अशी उमेदवारी केली असेल त्यांनी आम्हांस जरूर लिहावे. भत्ता मिळाला का आणि किती, राहण्याची सोय कोणी केली, काम काय दिले, श्रेयांक धरले गेले का, एवढे चार मुद्दे पुरेत. नाव छापणार नाही. नेवासा, शेवगाव, पाथर्डी, गंगापूर, पैठण या बाजूची पत्रे आधी घेऊ, कारण तिकडून जाणाऱ्या मुलांना पुणे सर्वांत दूर पडते.